होनोलुलूपर्यंतची बायको

विजूमावशी ओळख करून देताना एक शब्द जास्तीचा वापरायची. "ही लांगी. माझी बायको. कायद्यानं." समोर मराठी माणूस असला तर 'कायद्यानं', अमेरिकन असला तर 'लीगली'. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस, ग्रंथालयातली मुलगी, मंडळाच्या गणपतीत भेटलेलं नवं जोडपं, कुणालाही त्यातून सुटका नव्हती. ऐकणारा गोंधळायचा. लांगी मागे उभी राहून हसायची आणि मावशीच्या खांद्यावर आपला भला मोठा हात ठेवायची. पुढे काही बोलायचं नाही, असा त्याचा अर्थ असे.

माझी ओळख झाली ती बर्फात. नागपूरहून मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. नवरा, नितीन, ऑफिसला गेलेला, गाडी ड्राइव्हवेत रुतलेली आणि माझ्या हातात स्वयंपाकघरातला झारा, कारण फावडं घ्यायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. शेजारच्या घरातून दोन बायका फावडी घेऊन आल्या. एक सहा फुटी, रुंद खांद्यांची, केसांत भर थंडीत कापडी फूल खोवलेली. दुसरी तिच्या कोपराला लागेल एवढी, डोक्याला माकडटोपी. मी 'अरे देवा' म्हटलेलं त्या छोटीनं ऐकलं आणि विचारलं, "खंयची गो तू?" मी नागपूर म्हटल्यावर ती म्हणाली, "मी वेंगुर्ल्याची. बाजूला हो, तुझा झारा वाकेल." मग दोघींनी मिळून गाडी मोकळी केली. लांगीनं फावडं मारायचं आणि मावशीनं ते कुठं मारायचं हे सांगायचं, अशी त्यांची कामाची वाटणी होती.

लांगीचं नाव इंग्रजीत लिहिलेलं वाचून सगळे 'लागी' म्हणत. मावशी ते कधीही खपवून घेत नसे. लांगी म्हणजे आकाश, तिच्या भाषेत. ती अमेरिकन सामोआची. हवाईपासून विमानानं आणखी पाच-सहा तास गेलं की भर समुद्रात अमेरिकेच्या ताब्यातली काही छोटी बेटं लागतात, ती ही. झेंडा अमेरिकेचा, पोस्ट अमेरिकेचं आणि घराघरांतली पोरं अमेरिकेच्या सैन्यात जाणारी. लांगीही सैन्यात नर्स होती. त्या काळात सैन्यात अशी गोष्ट कळली की नोकरी जायची. म्हणून मिनिआपोलिसच्या ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मावशी काम करायची, तिथल्या लोकांना लांगी कितीतरी वर्षं तिची 'रूममेट' म्हणून माहीत होती. वेंगुर्ल्याच्या घरी 'मैत्रीण' म्हणून. मराठी मंडळात तर नुसतंच 'विजूच्या त्या'. मिनेसोटात अशा लग्नांचा कायदा झाला त्या उन्हाळ्यात दोघींनी लग्न केलं. तोवर दोघींचे केस पांढरे झाले होते. त्यानंतर मावशीनं तो एक शब्द धरला तो सोडला नाही.

"आहे ते आहे म्हणावं," हे तिचं नेहमीचं वाक्य. भाजी खारट झाली तरी हेच, माणूस गेला तरी हेच.

त्यांच्या घरी जेवण म्हणजे गंमत असायची. लांगी अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून पुरचुंड्या बांधून भाजायची, मावशी अळूवड्या करायची. दोघींची पानांवरून भांडणं व्हायची, कारण कोवळी पानं दोघींनाही हवी असत. पहिल्यांदा सामोआला गेली तेव्हा मावशीला आपण घरी आल्यासारखंच वाटलं होतं. तेच माड, तेच नीरफणस, बसून नारळ खवायची तीच पाटाची खवणी. "फक्त देव वेगळा आणि मासे मोठे," असं ती सांगायची.

सगळ्या अमेरिकेत अशी लग्नं कायदेशीर झाली तेव्हा आम्ही त्यांच्या घरी केक घेऊन गेलो होतो. लांगीनं तो कापला आणि शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे नाही." तिच्या बेटांवर तो निकाल लागू आहे की नाही यावर कुणी धड उत्तर देत नव्हतं, आणि परवाना तर कुणालाच मिळत नव्हता. मला ते पटेना. देश एकच ना, म्हणून मी नितीनशी वाद घातला. लांगीनंच मला समजावलं. तिकडे कुणी आम्हाला हिणवत नाही, म्हणाली. पुरुष म्हणून जन्मलेली आणि बाईसारखी राहणारी माणसं तिथे घरोघर असतात, चर्चमध्ये पुढे उभं राहून गातात, आईबापांना शेवटपर्यंत सांभाळतात, आणि त्यांना सगळे मान देतात. फक्त लग्न ही चर्चची आणि कुटुंबाची गोष्ट, तिथे आमच्यासाठी शब्दच नाही.

मग लांगीची आई आजारी पडली. आई नव्वदीला टेकलेली, आणि लांगीचा भाऊ तावीता एकटा तिचं करत होता. तो चर्चचा डीकन, म्हणजे पाद्र्याच्या खालोखालचा मानकरी, आणि घरातला कर्ता. दोघींनी सहा-आठ महिन्यांसाठी जायचं ठरवलं. मी त्यांना एअरपोर्टवर सोडलं. बॅगा टाकून झाल्यावर मावशीनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "होनोलुलूपर्यंत मी बायको. पुढच्या विमानात बसले की कुणीच नाही." ती हसत होती. मीही हसले, कारण तिच्या बोलण्यावर हसायची मला सवय होती.

आई सुधारली. लांगीच गेली.

एका सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना ती कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटलमधल्या नर्सना लांगी माहीत होती, त्यांनी मावशीला खुर्ची दिली, पांघरूण दिलं, कुणी उठवलं नाही. पण निर्णयाची वेळ आली तेव्हा डॉक्टर तावीताकडे वळले. मावशी मला नंतर सांगायची, त्यात त्या डॉक्टरची काही चूक नव्हती, त्यानं कायद्यानं ज्याला विचारायचं त्याला विचारलं. लांगी मशीनवर होती. असं पडून राहायचं नाही हे तिनं मावशीला अनेकदा सांगितलं होतं. नर्स होती ती, तिनं तसे पुष्कळ पाहिले होते. तावीता मावशीला व्हरांड्यात घेऊन गेला आणि त्यानं विचारलं, तिला काय हवं होतं? मावशीनं सांगितलं. आत जाऊन त्यानं मशीन काढायच्या कागदावर सही केली.

"तोंड माझं, सही त्याची," मावशी म्हणायची. "पण त्यानं विचारलं गो. न विचारता केली असती तरी मी काय करणार होते?"

तिकडे माणसाला घराच्या अंगणातच पुरतात. लांगीची जागा अंगणात ठरली. चर्चमध्ये तिच्यामागे कोण कोण राहिलं ते वाचलं गेलं, आई, भाऊ, भाचे, भाच्या. सगळ्यात शेवटी 'मिनेसोटाहून आलेली मैत्रीण'. मावशी पाहुण्यांच्या बाकावर बसली होती. दफन झाल्यावर घरच्यांनी बाहेरून आलेल्यांना चटया दिल्या. बारीक विणीच्या, रेशमासारख्या मऊ, विणायला वर्ष वर्ष लागणाऱ्या. तिकडे याहून मोठा मान नाही. मावशीलाही एक दिली, सगळ्यात चांगली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली. घरचे देतात आणि पाहुणे घेतात, हे तिला लांगीनंच कधीतरी सांगितलं होतं.

मृत्यूच्या दाखल्यावर लांगी 'अविवाहित' लिहिली गेली. मावशीनं ऑफिसात जाऊन मिनेसोटाचा लग्नाचा दाखला दाखवला. टेबलामागची बाई मऊ आवाजाची, अंबाड्यात फूल घातलेली. तिनं तो दाखला पूर्ण वाचला, परत केला, आणि म्हणाली की मला वाईट वाटतं, पण इथे हे लग्न धरता येत नाही.

मावशी परतली ती चटई घेऊन. मी तिला आणायला गेले होते. घरात शिरताना दाराशी लांगीचे बर्फातले मोठे बूट होते, ते तिनं पायानं नीट जुळवून ठेवले आणि मग आत गेली.

पुढचं वर्ष लांगीच्या पेन्शनपासून बँकेपर्यंतच्या ऑफिसांमध्ये गेलं. जिथे जावं तिथे दोन कागद मागत, लग्नाचा दाखला आणि मृत्यूचा. एकावर लग्न झालेलं, दुसऱ्यावर न झालेलं, आणि दोन्हीवर सरकारी शिक्का. समोरचा माणूस एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. मी बरोबर जायची, पार्किंग शोधायला आणि वेळ पडली तर बोलायला. बोलायची वेळ कधी आली नाही. मावशीच सांगायची, "एका लग्नात मी लग्न झालेली आणि ती कुमारिका. असं कसं होईल, तुम्हीच सांगा." मग पलीकडचा माणूस सुपरवायझरला बोलवायला जायचा.

त्या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. मावशीला बोलवावं की नाही, यावर बायकांची फोनवर कुजबुज झालेली मला ठाऊक होती. कुणालाच कळत नव्हतं की तिला धरायचं कशात. मी तिला बोलावलं. ती इस्त्रीची साडी नेसून आली. एकीनं करंडा पुढे केला आणि सहज म्हणाली, "तुम्हाला चालतं ना हो मावशी, तुमचं तर लग्न नाही झालेलं." मावशी चिडली नाही. तिनं त्या मुलीचा हात धरला आणि म्हणाली, "झालंय गो. मी विधवा आहे. लावायचं तर तसं म्हणून लाव, नाहीतर राहू दे."

तो शब्द आमच्यापैकी कुणीही स्वतःच्या तोंडानं कधी उच्चारला नव्हता. आमच्या आया तो उच्चारताना आवाज खाली आणत. मावशीनं तो असा म्हटला, जणू कुणीतरी तिच्याकडून काढून घेतलेली वस्तू ती परत मागत होती. त्या मुलीनं तिला कुंकू लावलं. मग आम्ही तिळगूळ वाटला. माझी इरा तेव्हा दहा-अकराची होती. तिनं नंतर विचारलं, "आई, व्हाय वॉज एव्हरीवन क्राइंग?"

काही वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये नवा कायदा झाला. एका राज्यात झालेलं लग्न दुसऱ्या राज्यांनी आणि बेटांनीही मानायचं. मी बातमी वाचून धावतच शेजारी गेले. मावशी चहा करत होती. तिनं गॅस बंद केला, खुर्चीवर बसली आणि विचारलं, "बेटांनीही, असं लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे आता आम्ही तिथे नवराबायको. ती मातीत गेल्यावर." मग चहा तसाच राहिला. तिनं मला विचारलं की उन्हाळ्यात तुला सुट्टी मिळेल का.

तसं मी सामोआ पाहिलं. मावशी तेव्हाच वाळली होती, पण ते वयाचं आहे असं आम्हा दोघींनाही वाटलं. तावीता विमानतळावर आला होता, लांगीसारखाच रुंद, कमरेला कापड गुंडाळलेला, हळू बोलणारा. मावशी त्याला 'भावोजी' म्हणायची आणि तो त्या हाकेला ओ द्यायचा. संध्याकाळी प्रार्थनेची घंटा झाली, घराघरांतून गाणं ऐकू यायला लागलं, मावशी अंगणात लांगीच्या थडग्याच्या कट्ट्यावर बसून राहिली. म्हातारी आईही तोवर गेली होती, तिलाही शेजारीच पुरलं होतं. पायरीवर तावीता माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, ती मला एक नाव देऊन बोलावते, कितीतरी वर्षं. तुमच्या भाषेत त्याचा अर्थ काय?

मी सांगितलं. बाई आपल्या नवऱ्याच्या भावाला असं म्हणते.

तो म्हणाला, मला वाटायचं की ते 'मित्र' असं काहीतरी असावं. त्यानं मला विचारलं की लांगीला ते माहीत होतं का. मी म्हटलं, माहीत असणारच, ती तर हसायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ऑफिसात गेलो. तीच बाई, तसंच फूल. मावशीनं नव्या कायद्याचा छापलेला कागद आणि लग्नाचा दाखला पुढे ठेवला आणि दुरुस्तीचा अर्ज दिला. बाईनं सगळं वाचलं. प्रश्न नवा आहे, म्हणाली, लांगी गेली तेव्हा हा कायदा नव्हता, वकिलांना विचारावं लागेल. पण कुटुंबाची हरकत नाही असं कुणी लिहून दिलं तर बरं होईल. तिनं तावीताकडे पाहिलं. ती त्याच्याच चर्चची होती. दर रविवारी तो तिच्यापुढे उभा राहून बायबल वाचायचा.

"तुमचं यांच्याशी नातं काय लिहू?" तिनं त्याला विचारलं.

मावशी त्याच्याकडे बघत नव्हती. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मला वाटलं तो 'मित्र' म्हणेल, आणि त्यात काही वाईट नव्हतं. तावीतानं दोन्ही तळवे टेबलावर ठेवले.

"ही माझ्या बहिणीची बायको," तो म्हणाला. "मी हिचा दीर आहे. तेच लिही."

हे तो इंग्रजीत बोलला. मग तेच त्यानं त्याच्या भाषेत त्या बाईला पुन्हा सांगितलं. तिथे शब्द नव्हता असं लांगी म्हणायची, त्यानं कुठला वापरला मला कळलं नाही. त्या बाईनं मात्र मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर आम्ही मावशीला एका झाडाखाली बसवलं. तिनं तावीताचा हात धरून विचारलं, "भावोजी, लांगीच्या बाजूला जागा आहे?" ती जमीन कुटुंबाची, बाहेरच्याला तिथे हक्क नाही, हे तिला माहीत होतं. तो म्हणाला, जागा आहे. पाद्र्याशी मी बोलेन.

त्या पानगळीत मावशीचं दुखणं कळलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टरांनी उपचारांचं विचारलं तर म्हणाली, मी लॅबमध्ये आयुष्य काढलंय, हे आकडे मला वाचता येतात. या वेळी निर्णय तिचा तिलाच घेता आला. घरीच राहिली. शेवटी शेवटी ती मालवणीतच बोलायची आणि मला अर्धंच कळायचं. एकदा स्पष्ट म्हणाली, "ऑफिसात्सून काय इला?" मी म्हटलं, अजून नाही. तिनं डोळे मिटले. "येयत," म्हणाली. फेब्रुवारीत, दुपारी, बाहेर लख्ख ऊन आणि कडाक्याची थंडी असताना ती गेली.

तिच्या मृत्यूच्या दाखल्याची माहिती मी दिली. अंत्यसंस्काराच्या ऑफिसातल्या तरुणानं नेहमीच्या सुरात विचारलं, अविवाहित, विवाहित, विधवा? मी सांगितलं. त्यानं टिक केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. इतकं सोपं होतं ते.

तावीता अस्थी न्यायला आला. आयुष्यात बर्फ पहिल्यांदा पाहत होता. नितीनचा सगळ्यात मोठा कोट त्याला खांद्यांवर बसेना, तेव्हा मी लांगीचा आणून दिला. त्यानं कोटाच्या बाहीत काही वेळ तोंड लपवलं. पाद्र्यानं काय सांगितलं, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. परत गेल्यावर त्यानं फोटो पाठवला. लांगीच्या थडग्याचा कट्टा रुंद केलेला, वर दोन नावं, एकाखाली एक. कोण कुणाची हे काही लिहिलेलं नाही. सोबत एक ओळ होती, की आता तो डीकन नाही, आणि अळू छान आलाय.

दाखल्यावर लांगी अजून अविवाहितच आहे. वकिलांचं उत्तर आलेलं नाही. मी अधूनमधून तिकडे फोन करते. तीच मऊ आवाजाची बाई उचलते. नियमाप्रमाणे दर वेळी तिला विचारावं लागतं की मी त्या दोघींची कोण. मी सांगते, शेजारीण. शेजारणीला काही विचारायचा अधिकार नसतो, हे आम्हा दोघींनाही ठाऊक असतं.

"थांबा हं," ती म्हणते, "बघून येते."